२५ माणसांसाठी चीज-बटाटा बेक: आदल्या रात्री करून ठेवला तर चालेल का? बटाटे किती लागतील? (सातारा)

चालेल, आदल्या रात्री ट्रे लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि भाजायचं काम मात्र त्याच दिवशी करा. बटाटे उकडूनच घ्या, कच्च्या चकत्या रात्रभरात काळ्या पडतात. आमच्याकडे हळदीकुंकू, बारशाला मी हे प्रमाण धरते (सोबत इतर पदार्थ आहेत असं समजून):

- बटाटे ४ किलो, किंचित कडक उकडलेले
- पांढऱ्या सॉससाठी दूध २ लिटर, लोणी आणि मैदा प्रत्येकी १२० ग्रॅम
- चीज ७०० ग्रॅम
- मिरपूड, लसूण, हिरवी मिरची

चीज निम्मं साधं प्रोसेस्ड घ्या, ते सॉसमध्ये गुठळी न होता विरघळतं. उरलेलं मोझरेला वरून. नुसतं मोझरेला घातलं तर गार झाल्यावर चिवट होतं, आणि आपल्याकडे पंगत कधी वेळेवर बसते का! मीठ शेवटी चाखून घाला, चीज खारट असतं. खटाव भागातला नवा बटाटा मिळाला तर उत्तम, चकत्या मोडत नाहीत. सॉस पूर्ण गार झाल्यावरच ट्रे झाकून फ्रिजमध्ये ठेवा. भाजताना १८० अंशांवर साधारण ४५ मिनिटं. ट्रेचा मध्यभाग खदखदला पाहिजे.

एकच अडचण: एवढं सगळं घरच्या छोट्या ओव्हनमध्ये एका वेळी मावणार नाही. दिवाळीत नानकटाई भाजायला देतो तसे ट्रे ओळखीच्या बेकरीत देता येतात, पण भट्टीची आंच जास्त असते, तेव्हा वेळ कमी धरा. पाहुण्यांत कडक शाकाहारी असतील तर तिथे अंड्याचं काही भाजतात का, ते आधी विचारा.