ब्रुमेलची उडी आणि ब्रुमेलचा पाय : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

व्हालेरी ब्रुमेल या रशियन उंच उडीपटूचा विषय निघाला की वाचकांची पत्रं येतात, आणि त्यातल्या बहुतेकांत एकच गोंधळ असतो : अपघातानंतर त्याचा पाय ‘लांब केला’ आणि म्हणून तो इतकं उंच उडायला लागला. क्रम नेमका उलटा आहे. विक्रम १९६१ ते १९६३ मधले, ऑलिम्पिक सुवर्ण १९६४ चं, अपघात ऑक्टोबर १९६५ मधला, आणि पायावरचा तो गाजलेला उपचार १९६८ चा. हा क्रम डोक्यात ठेवून पुढची उत्तरं वाचावीत.

प्रश्न : ब्रुमेलने एकूण किती विश्वविक्रम केले?

मैदानावरचे सहा. जून १९६१ मध्ये मॉस्कोत २.२३ मीटर, तिथून एकेका सेंटिमीटरने चढत २१ जुलै १९६३ रोजी मॉस्कोतच २.२८. हा शेवटचा विक्रम १९७१ पर्यंत टिकला.

प्रश्न : १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये ब्रुमेल आणि अमेरिकेचा जॉन थॉमस दोघेही २.१८ मीटर उडाले. मग सुवर्ण ब्रुमेललाच का?

उंची सारखी असली तर चुकलेले प्रयत्न मोजतात. आधी त्या शेवटच्या यशस्वी उंचीवर कोण कमी चुकला ते पाहतात, तिथेही बरोबरी असेल तर स्पर्धेत त्या उंचीपर्यंतच्या एकूण चुका. चार वर्षांपूर्वी रोममध्ये याच नियमाने ब्रुमेलचं सुवर्ण हुकलं होतं. तो आणि जॉर्जियाचा रॉबर्ट शावलाकाद्झे दोघेही २.१६ वर थांबले आणि अठरा वर्षांच्या ब्रुमेलला रौप्य मिळालं.

प्रश्न : शाळेत गादी नाही, वाळूचा खड्डा आहे. ब्रुमेलच्या काळात तरी कुठे गाद्या होत्या? मुलगी फॉसबरी फ्लॉप शिकते आहे, वाळूवर चालेल ना?

नाही. ब्रुमेल पोटाकडून दांडी ओलांडायचा. त्या शैलीला स्ट्रॅडल म्हणतात. त्यात खाली येताना पाय, हात किंवा कूस आधी टेकते. फ्लॉपमध्ये पाठीकडून दांडी ओलांडतात, त्यामुळे पाठ, खांदे आणि कधी मान आधी आपटते. फॉसबरीची शैली १९६८ मध्ये मेक्सिकोत जिंकली, तीही जाड मऊ गाद्या आल्यामुळेच. मोठ्या स्पर्धांत गादी निदान ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ७० सेंटिमीटर जाड असते. दोन गाद्या जोडल्या असतील तर मधली फट वरून एकसंध आच्छादनाने झाकलेली हवी, नाहीतर घोटा किंवा कोपर त्यात अडकतं. वाळूवर फक्त कातरी उडी (दांडीवरून एकामागून एक पाय टाकत ओलांडण्याची), तीही वाळू खणून सैल केल्यावर आणि दोन्ही पायांवर उतरून. याआधी एखादी उडी मानेवर आली असेल आणि हाताला मुंग्या येत असतील, तर सराव लगेच थांबवा आणि आधी अस्थितज्ज्ञाला दाखवा.

प्रश्न : भावाची नडगी दुचाकीच्या अपघातात मोडली, हाड बाहेर आलं होतं. चौदा महिने झाले, जुळलं नाही, अधूनमधून पू येतो. गावातले म्हणतात हाडवैद्याकडे लेप लावा. ब्रुमेलचा पाय रशियन रिंगने बरा झाला असं वाचलं. काय करावं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून उत्तर लांब आहे.

ब्रुमेलची दुखापत अशीच होती. ओल्या रस्त्यावर मोटारसायकल घसरली, तो मागे बसला होता, उजव्या पायाचा चुराडा झाला. हा त्याचा उडी घेण्याचा पाय नव्हे, हवेत फेकण्याचा. तो डाव्या पायावरून उडायचा. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, हाड नीट जुळेना, पाय आखूड झाला. १९६८ मध्ये पश्चिम सायबेरियातल्या कुर्गान इथे डॉ. गावरिल इलिझारोव्ह यांनी आपल्या रिंगने त्याच्यावर उपचार केले. मधली जवळजवळ तीन वर्षं गेली. पुढे तो पुन्हा २ मीटरच्या वर उडाला, पण २.२८ च्या जवळ कधीच आला नाही. गेलेला वेळ कुठलीही रिंग परत देत नाही.

नडगी जुळायला अवघडच. पुढच्या बाजूला हाडावर फक्त कातडी असते, स्नायूचं आवरण नाही, त्यामुळे रक्तपुरवठा बेताचा. हाड बाहेर आलं की तोही तुटतो आणि जंतू आत शिरतात. त्यात बिडी, तंबाखू, गुटखा किंवा मधुमेह असेल तर जुळणी आणखी रेंगाळते. नऊ महिने उलटले आणि शेवटच्या तीन महिन्यांत एक्स-रेमध्ये काहीच फरक नाही, म्हणजे हाड आपोआप जुळणार नाही असं धरायचं. चौदा महिने वाट पाहिलीत. आता एक आठवडाही घालवू नका.

हाडवैद्याचा लेप हाडातल्या पुवापर्यंत पोचत नाही. चोळण्याने न जुळलेली टोकं हलतात. ताज्या मोडीवर घट्ट बांधलेल्या कामट्या तर याहून वाईट : आतला दाब वाढतो, रक्त थांबतं आणि सुमारे सहा तासांत स्नायू मरायला लागतो. बांधल्यावर दुखणं वाढत गेलं, बोटं हलवताना असह्य कळ आली, बधिरपणा आला तर पट्टी तत्क्षणी सोडून रुग्णालय गाठायचं. ‘उद्या बघू’ म्हणण्याने पाय गेलेले आहेत.

इलिझारोव्ह पद्धतीत सुमारे १.८ मिलिमीटरच्या तारा हाडातून आरपार घालून ताणतात आणि बाहेरच्या गोल रिंगांना बांधतात. पकड बाहेरून असल्यामुळे पुवाच्या जागी धातूची पट्टी आणि स्क्रू ठेवावे लागत नाहीत, आणि बहुतेक रुग्णांना पायावर भार देत चालता येतं. सडलेला तुकडा काढून पाय आखूड होणार असेल, तर चांगल्या भागात हाड कापून साधारण आठवडाभर थांबतात. मग दिवसाला १ मिलिमीटर, तोही पाव-पाव मिलिमीटर चार वेळा, फट वाढवत नेतात. घाई केली तर नवीन हाड धरत नाही आणि नसा ताणल्या जातात, फार सावकाश केलं तर मध्येच जुळून बसतं. नंतर ते पक्कं व्हायला दर सेंटिमीटरला महिनाभर किंवा जास्त. तारांच्या तोंडाशी रोजची स्वच्छता आणि घोट्याचा व्यायाम चुकला की जंतू शिरतात, टाच वर ओढली जाते.

प्रत्येकाला रिंगच लागते असं नाही, हे तपासल्याशिवाय कोणीही सांगू नये. रिंगचा नियमित अनुभव असलेल्या अस्थितज्ज्ञाकडे जा. सोबत तारखेप्रमाणे लावलेले सगळे एक्स-रे, शस्त्रक्रियेची कागदपत्रं, रक्तातल्या साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीचा अहवाल न्या. हाडातला नमुना तपासायचा असल्याने अँटिबायोटिक कधी थांबवायचं ते डॉक्टरच ठरवतील, स्वतः दुकानातून आणून घेऊ नका. तंबाखू मात्र आजच बंद करा.

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा, उंची १६५ सेंटिमीटर. ‘रशियन तंत्राने ३ इंच उंची वाढवा, हमखास’ अशी जाहिरात आली आहे. उंच उडीलाही फायदा होईल का?

उडीला तोटाच होईल. स्नायू ताणले जाऊन कमजोर होतात, घोटा आखडतो. ब्रुमेलचा आखूड झालेला पाय बरोबरीला आणला होता, निरोगी पाय वाढवला नव्हता. ३ इंच म्हणजे साडेसात सेंटिमीटर : दोन्ही पायांची हाडं कापणं, अडीच महिने ताणणं, मग कित्येक महिने हाड पिकण्याची वाट. जिथे ‘हमखास’ लिहिलं आहे तिथून काढता पाय घ्या. सतराव्या वर्षी वाढ उरली आहे का हे हाताच्या एक्स-रेवरून कळतं. त्यासाठी अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाला भेटा.

प्रश्न : ब्रुमेल भरपूर वजनं उचलायचा म्हणतात. तेरा वर्षांच्या मुलाला बारबेल द्यावी का?

वेगवान धाव आणि बारबेल यांची सांगड ही ब्रुमेलची खरी ताकद होती, पण ती प्रशिक्षकाच्या नजरेखाली वर्षानुवर्षं घडलेली. तेराव्या वर्षी रिकामी काठी घेऊन बैठकीचं तंत्र शिकू द्या, जड वजन नको. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा दुखत असेल तर उड्या कमी करा, आणि दुखणं दोन आठवड्यांत उतरलं नाही तर दाखवून घ्या.