मुलीला अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलची असिस्टंट कोच व्हायचंय. यात करिअर असतं का?

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगी मास्टर्ससाठी अमेरिकेत गेली, भारतात युनिव्हर्सिटीपर्यंत बास्केटबॉल खेळलेली, आता कॉलेज टीमची असिस्टंट कोच व्हायचं म्हणते. तर यात पोट भरतं का आणि हेड कोच व्हायला किती वर्षं लागतात. मी नागपूरला शिवाजीनगरच्या कोर्टवर खेळून मोठी झाले. २०१३मध्ये अमेरिकेत शिकायला आले, टीमची मॅनेजर झाले, आणि आज एका छोट्या डिव्हिजन टू (कॉलेज खेळांची दुसरी पातळी, सगळ्यात वरची डिव्हिजन वन) कॉलेजात मुलींच्या टीमची असिस्टंट कोच आहे. पोट भरतं, पण पहिली काही वर्षं ओढाताणीची जातात. आधी दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलते, कारण खरा घोळ तिथे आहे.

हेड कोच होणं हेच खरं काम आणि असिस्टंट म्हणजे तोवर थांबायची जागा, असं बाहेरून वाटतं. मलाही वाटायचं. कनेटिकट विद्यापीठाच्या क्रिस डेली यांचं उदाहरण घ्या. १९८५ साली जीनो ऑरिएमा तिथे हेड कोच झाले तेव्हा डेली असिस्टंट म्हणून आल्या. त्याआधी त्या टीमला मॅच हरण्यापेक्षा जिंकल्या जास्त असा एकच सीझन मिळाला होता. पुढच्या चाळीस वर्षांत १२ राष्ट्रीय विजेतेपदं आली, बारावं २०२५मध्ये. एवढ्या काळात डेली दुसरीकडे हेड कोच म्हणून गेल्या नाहीत. २०१८ साली त्यांना महिला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, आणि त्याच वर्षी मिकी डेमॉस यांनाही. डेमॉस टेनेसी विद्यापीठात हेड कोच पॅट समिट यांच्या असिस्टंट होत्या. मध्ये चार वर्षं केंटकी विद्यापीठाच्या हेड कोच झाल्या, आणि नंतर पुन्हा टेनेसीत समिट यांच्या असिस्टंट म्हणून परत आल्या. ही माघार होती असं मला वाटत नाही. त्यांना हे काम आवडत होतं, बस.

पुरुषांच्या बाजूला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे बिल गथरिज. हेड कोच डीन स्मिथ यांच्या शेजारी तीस वर्षं असिस्टंट म्हणून बसले. १९९७मध्ये स्मिथ अचानक निवृत्त झाले तेव्हा साठीला टेकलेले गथरिज हेड कोच झाले आणि पहिल्याच सीझनला त्यांनी ३४ मॅच जिंकल्या, ४ हरल्या. तीस वर्षं ते नुसते रांगेत उभे नव्हते, हे त्या ३४ मॅच सांगतात.

आता हे काम म्हणजे नेमकं काय. सीझनला तीसएक मॅच असतात आणि समोरच्या टीमचा अभ्यास आम्ही असिस्टंट आपसात वाटून घेतो. 'हा स्काउट तुझा' असं म्हणतात. स्काउट माझा असला की त्या टीमच्या शेवटच्या पाच मॅच मी एकेक पझेशन (बॉल एका टीमकडे असतो तेवढा खेळ) थांबवत बघते. त्यांची पॉइंट गार्ड, म्हणजे चाल रचणारी खेळाडू, डावखुरी आहे का, स्क्रीन मिळाली (साथीदाराने वाट अडवून मोकळीक दिली) की ती आत घुसते की मागे थांबून शॉट मारते, टाइमआउटनंतर कोणती चाल हमखास येते, त्या चालीसाठी कोच बेंचवरून काय इशारा करते. मग हे सगळं खेळाडूंना दहा मिनिटांत सांगायचं. माझा पहिला स्काउट अकरा पानांचा होता. हेड कोचने शांतपणे त्यातलं एक पान काढून घेतलं आणि म्हणाल्या, मॅचच्या दिवशी मुलींच्या डोक्यात तीन गोष्टी राहतात, त्या तीन कोणत्या ते तू ठरवायचंस. तेव्हापासून माझा सगळा अभ्यास त्या तीन गोष्टी निवडण्यासाठी असतो.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही दोन पॉइंटनी पुढे होतो, सहा सेकंद उरले होते. टाइमआउट संपला आणि समोरच्या टीमच्या कोचने मूठ डोक्यावर ठेवली. हा इशारा मी तीन मॅचमध्ये पाहिला होता. मी बेंचवरून 'कोपरा, कोपरा' अशा अर्थाचं ओरडले, आमची मुलगी पास सुटायच्या आधीच कोपऱ्यातल्या शूटरपुढे उभी होती, आणि शॉट रिंगवर आपटून बाहेर गेला. स्कोअरशीटवर अशा गोष्टीसाठी रकाना नसतो. ती मुलगी धावत येऊन मला बिलगली, ते मी जन्मभर विसरणार नाही.

सीझनमध्ये खेळाडूंना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, कोचना नाही. फिल्म, बसचा प्रवास, जुलैत दिवसभर शाळकरी मुलींच्या स्पर्धा बघणं, रडणाऱ्या मुलीच्या आईवडिलांचे फोन. आता त्यात ट्रान्सफर पोर्टलची, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीची, भर पडलीय. कॉलेज बदललं तरी लगेच खेळता यायला लागल्यापासून दर वसंतात आपल्याच खेळाडूंना नव्याने राजी करावं लागतं.

पैशांचं स्पष्ट सांगते. मोठ्या विद्यापीठांत अनुभवी असिस्टंटना वर्षाला लाखो डॉलर मिळतात. छोट्या कॉलेजांत नवख्या कोचला होस्टेलची खोली, मेसचं जेवण आणि थोडा हातखर्च यावरही राबताना मी पाहिलंय. या पेशाला स्वस्तात माणसं मिळवायची जुनी सवय आहे. एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळ चालवणाऱ्या संघटनेने, १९९१मध्ये नियम केला की डिव्हिजन वन बास्केटबॉलमधल्या चौथ्या कोचला वर्षाला १६,००० डॉलरच्या वर द्यायचे नाहीत. नव्या मुलांना संधी मिळावी असं कारण दिलं गेलं, पण त्या जागांवर वर्षानुवर्षं काम केलेली माणसंही होती. कोच कोर्टात गेले. १९९८मध्ये अपील कोर्टाने तो नियम बेकायदा ठरवला आणि पुढच्या वर्षी एनसीएएने ५.४५ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. आज आम्हाला बाजारभावाने पगार मागता येतो तो त्या माणसांमुळे, आणि नव्या कोचना हे ठाऊकही नसतं याचं मला वाईट वाटतं. २०२३मध्ये डिव्हिजन वनमध्ये तीन असिस्टंटशिवाय आणखी दोघांना सरावात आणि मॅचमध्ये कोचिंग करायची मुभा मिळाली. फक्त कॅम्पसबाहेर जाऊन खेळाडू शोधायची मुभा तेव्हा दिली नव्हती. तुमच्या मुलीसारख्यांसाठी ही दारं महत्त्वाची आहेत.

सगळ्यात अवघड भाग हा की तुमची नोकरी दुसऱ्याच्या नोकरीला बांधलेली असते. २०१८च्या मार्चमध्ये माझ्या आधीच्या कॉलेजने हेड कोचला काढलं. सकाळी त्यांना सांगितलं, दुपारपर्यंत आम्हा तिघींची ऑफिसं रिकामी. माझं काम वाईट होतं असं कुणी म्हटलं नाही. नव्या हेड कोचला स्वतःची माणसं आणायची होती, आणि ही इथली रीतच आहे. त्यात माझा व्हिसा. साठ दिवसांत दुसरी नोकरी नाही तर परत. पन्नास-साठ फोन केल्यावर, मी ज्यांच्याविरुद्ध स्काउट लिहायचे त्याच एका कोचने मला बोलावलं. पाच वर्षांत तीन राज्यं झाली. विंचवाचं बिऱ्हाड म्हणतात ना, तसं. लग्न, घर, आईवडिलांचं आजारपण हे सगळं यात बसवावं लागतं, आणि ते तिला आत्ताच सांगा.

व्हिसाबद्दल एक दिलासा आहे. विद्यापीठांच्या एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जांना वार्षिक मर्यादा आणि त्यासाठीची लॉटरी लागत नाही, त्यामुळे नोकरी देणारं कॉलेज मिळालं तर रस्ता आयटीवाल्यांपेक्षा थोडा मोकळा असतो. मात्र नियम बदलत राहतात, म्हणून तिने तिच्या कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन स्वतः विचारावं.

तिने आत्ता काय करावं? तिच्या कॉलेजच्या महिला टीमच्या ऑपरेशन्स डायरेक्टरला (टीमची व्यवस्था बघणाऱ्या व्यक्तीला) मेल लिहावा आणि मॅनेजरचं काम मागावं. पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलीला ते करता येतं. सुरुवात सतरंज्या उचलण्यापासूनच होते: बॉल गोळा करणं, फरशीवरचा घाम पुसणं, कॅमेरा लावणं, पहाटे शूटिंग करणाऱ्या मुलींना रिबाउंड देणं (रिंगवरून आलेला बॉल परत देणं). मी दीड वर्ष हेच केलं. त्याच काळात तिने मॅचचं व्हिडिओ कापायचं सॉफ्टवेअर नीट शिकून घ्यावं, कारण ते येणारा माणूस प्रत्येक टीमला हवा असतो. मग ग्रॅज्युएट असिस्टंटची, म्हणजे मास्टर्स करता करता टीमला मदत करायची, जागा मागावी. तिथे फी माफ होऊ शकते, हातात थोडे पैसेही येतात.

सराव ऑक्टोबरच्या आत सुरू होतो, तेव्हा मेल ऑगस्टमध्येच जायला हवा. उत्तर आलं नाही तर तिने सरळ जिममध्ये जाऊन उभं राहावं. मी तशीच गेले होते.