क्रीडा पत्रकारिता शिकायची आहे? सीमाभागातल्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न (खानापूर) : बेळगावात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. खो-खो खेळतो. क्रीडा पत्रकारितेचीच वेगळी पदवी घ्यावी, की साधी पत्रकारिता चालेल?

साधीच घ्या. जिल्ह्याच्या आवृत्तीत निव्वळ क्रीडा बातमीदार असा माणूस क्वचितच असतो. सकाळी महापालिकेची सभा, दुपारी न्यायालय आणि संध्याकाळी मैदान, असा दिवस जातो. शिवाय खेळातल्या मोठ्या बातम्या मैदानाबाहेरच घडतात. निवड चाचणीचा वाद न्यायालयात जातो, क्रीडांगणाची निविदा निघते, संघटनेच्या निवडणुकीवर आक्षेप येतो. निविदा आणि निकालपत्र वाचता येणारा बातमीदारच तिथे टिकतो.

धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ बेळगावपासून साधारण ७५-८० किलोमीटरवर आहे, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ ११० किलोमीटरच्या आसपास. दोन्हीकडे पत्रकारिता विभाग आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेच्या केंद्रात मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका मिळते. मराठी दैनिकात जायचं नक्की असेल तर आम्ही कोल्हापूर सुचवू. कन्नड-इंग्रजीत लिहायची तयारी असेल तर धारवाड. माहितीपत्रकात विषयांच्या नावांवर भुलू नका. प्रात्यक्षिकाचे तास किती, वृत्तपत्रातली उमेदवारी किती आठवड्यांची, विभागाचं प्रायोगिक वृत्तपत्र खरंच निघतं का आणि उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते का, एवढं विचारा. तिथल्या आजी विद्यार्थ्यांकडून गेल्या वर्षीचे अंक मागून घ्या.

आणि कन्नड सोडू नका, ही आमची कळकळीची विनंती. कर्नाटकातल्या सरकारी कचेऱ्यांचं बरंचसं कामकाज कन्नडमध्ये चालतं. कोल्हापूर-सांगलीकडच्या बातमीदाराला ते कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागतात, तुम्हाला नाही. प्रबंधासाठीही इथेच विषय आहे : मराठी आणि कन्नड दैनिकांत मुलींच्या कबड्डी-खो-खोला किती जागा मिळते? दोन-दोन दैनिकं घ्या, बातम्या स्तंभ-सेंटिमीटरमध्ये (किती स्तंभ रुंद गुणिले किती सेंटिमीटर उंच) मोजा. सलग आठवडा मात्र घेऊ नका. रविवारचे सामने सोमवारच्या अंकात येतात, एखादी मोठी स्पर्धा त्याच आठवड्यात असते आणि हिशेब फसतो. एका आठवड्यातला सोमवार, पुढच्यातला मंगळवार, असे दिवस जोडत जा.

प्रश्न (निपाणी) : आमचं गाव महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांच्या यादीत आहे. कोल्हापूर-पुण्यात प्रवेश घेताना कोणते कागद हाताशी ठेवू?

महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात सीमाभागातल्या उमेदवारांचा गट वेगळा आहे. तिथे गाव वादग्रस्त सीमाभागात असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दोन दाखले लागतात. पत्रकारितेचे प्रवेश विद्यापीठं आपापल्या नियमांनी देतात, म्हणून माहितीपत्रकात ‘सीमाभाग’ शोधा आणि कोणत्या नमुन्यातला दाखला हवा ते पाहूनच अर्ज करा. खरी अडचण होते ती मायग्रेशन प्रमाणपत्राची. राज्य आणि विद्यापीठ दोन्ही बदलत असल्याने ते लागतंच, आणि मुलं ते प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात मागायला जातात. शेवटच्या सत्राचा निकाल लागला की त्याच आठवड्यात अर्ज करा.

प्रश्न (बेळगाव तालुका) : यात्रेतल्या कुस्ती मैदानाची ४०० शब्दांची बातमी पाठवली, छापून आल्या जेमतेम पाच ओळी. सुरुवात अशी होती : ‘गावच्या यात्रेनिमित्त भव्य कुस्ती मैदान मोठ्या उत्साहात पार पडले. मान्यवरांच्या हस्ते आखाडा पूजन झाले...’ काय चुकलं?

निकाल कुठे आहे? पहिल्या क्रमांकाची कुस्ती कोणी मारली हे पहिल्या वाक्यात हवं. रात्री जाहिरात आली की उपसंपादक बातमी खालून कापतो. तुमचा निकाल खाली असेल तर तोच जातो आणि पूजन तेवढं उरतं. असं लिहा : ‘पहिल्या क्रमांकाच्या कुस्तीत अमुक तालमीच्या अमुक पैलवानाने बाराव्या मिनिटाला घिस्सा डावावर अमुकला चितपट केले.’ मग दुसरी, तिसरी जोड. त्यानंतर चटकदार झालेली एखादी लहान कुस्ती. मान्यवर अखेरीस, दोन ओळींत.

हे वाक्य लिहिता यावं म्हणून वहीत आधीच रकाने आखून जा : जोडीचा क्रमांक, दोघांची नावं, तालीम आणि गाव, सलामी झाल्याची वेळ, निकालाची वेळ, डाव, पंच. डाव ओळखता आला नाही तर शेजारी उभ्या वस्तादांना लगेच विचारा, घरी येऊन आठवू नका. ढाक आणि एकलंगी यांत गल्लत केलीत तर इथला वाचक दुसऱ्या दिवशी फोन करतो, आणि ते रास्तच आहे. कुस्ती निकाली झाली, गुणांवर दिली की बरोबरीत सोडवली, हे स्पष्ट लिहा. गुणांवर दिली असेल तर किती मिनिटांनंतर गुण लावले तेही हवं.

मॅटवरच्या फ्रीस्टाइल कुस्तीचं गणित निराळं असतं. ३ मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये ३० सेकंदांची विश्रांती, आणि १० गुणांची आघाडी झाली की तांत्रिक श्रेष्ठत्वावर कुस्ती तिथेच संपते. ‘१०-० ने चितपट’ असं लिहिलं जातं ते म्हणूनच चूक. चितपट म्हणजे दोन्ही खांदे मॅटला टेकणं. ते झालं की गुणफलकावर काहीही असो.

नावांची काळजी तर सगळ्यात जास्त. इंग्रजी यादीत ल आणि ळ दोन्ही एकाच अक्षराने लिहितात. कन्नड आडनावं आणि ‘हळ्ळी’त संपणारी गावं त्यातून मराठीत आणताना हमखास बिघडतात. आद्याक्षर गावाचं आहे की वडिलांच्या नावाचं, हेही यादीवरून कळत नाही. खेळाडूकडूनच वहीत नाव लिहून घ्या, कन्नडमध्ये लिहिलं तरी चालेल. आपलं नाव चुकीचं छापून आलेलं कात्रण त्या मुलाला आयुष्यभर जपावं लागतं.

प्रश्न (चिकोडी) : नेट रनरेट काढताना माझं उत्तर आयोजकांपेक्षा नेहमी वेगळं येतं.

नेट रनरेट म्हणजे आपल्या षटकामागच्या धावांतून प्रतिस्पर्ध्याच्या षटकामागच्या धावा वजा. तुम्ही बहुधा षटकांचे चेंडू दशांश म्हणून धरता. १८.३ षटकं म्हणजे १८ षटकं आणि ३ चेंडू, म्हणजे हिशेबाला १८.५. दुसरी चूक सर्वबाद संघाची : तो १७.४ षटकांत आटोपला तरी २० षटकंच धरायची. समजा, २० षटकांच्या सामन्यात तो संघ १४६ वर सर्वबाद झाला आणि दुसऱ्याने १८.३ षटकांत १४७ केल्या. १४७ भागिले १८.५ म्हणजे ७.९४६; १४६ भागिले २० म्हणजे ७.३. विजेत्याचा नेट रनरेट अधिक ०.६४६. स्पर्धेत मात्र सामन्यांच्या रनरेटची सरासरी काढू नका. सगळ्या धावा आणि सगळी षटकं आधी बेरजेत घ्या, मग भागाकार.

प्रश्न (अथणी) : बंदिस्त हॉलमधल्या कबड्डीच्या फोटोंत काळपट पट्टे येतात. कॅमेरा बिघडलाय का?

नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हॉलमधले दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५०० ठेवलं की त्यातला एक तुकडाच टिपला जातो. १/१०० ठेवा, पट्टे जातील. पण चढाईतला हात पुसट येईल, म्हणून खेळाडू बोनस रेषेवर पाय टाकून क्षणभर थबकतो तो क्षण धरा. कॅमेऱ्यात फ्लिकर टाळायची सोय असेल तर ती सुरू करून १/५०० वर जा. ही चाचणी सामन्याआधी, सराव चालू असतानाच घ्या.

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार करणाऱ्या शाळकरी खेळाडूचं फक्त नाव गाळलं तर पुरे का?

पुरे नाही. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पोक्सो कायद्याचं कलम २३ लागू होतं. नाव, पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, वस्ती, ओळख पटवणारं काहीच छापता येत नाही. विशेष न्यायालयाने मुलाच्या हितासाठी परवानगी दिली तरच अपवाद. लहान गावात तर ‘१४ वर्षांखालील संघाची कर्णधार’ एवढ्यानेही मुलगी ओळखू येते. खेळ, वयोगट आणि गाव यांतलं काय वगळायचं हे संपादकांशी बोलून बातमी लिहिण्याआधी ठरवा, आणि संघाचा जुना सामूहिक फोटो सोबत जाणार नाही हे पानं लावणाऱ्यालाही सांगून ठेवा.