सोलापूरच्या उन्हातून किती वीज मिळेल?

मी सोलापूरचाच असल्यामुळे, एवढ्या उन्हाच्या शहरात छतावरील सौर विजेला खरोखर किती वाव आहे, हा आपला प्रश्न मला फार जवळचा वाटतो. वाव भरपूर आहे. शहर पर्जन्यछायेत असल्याने येथे पावसाळ्यातही बऱ्याच दिवशी ऊन मिळते. एक किलोवॉटच्या संचाला सुमारे १०० चौरस फूट बिनसावलीची गच्ची लागते आणि वर्षाच्या सरासरीने तो रोज चार युनिटच्या आसपास वीज देतो. म्हणजे ३ किलोवॉटमधून महिन्याला साधारण ३५० युनिट मिळतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत अशा घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे.

मात्र ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, ही समजूत येथे फार पक्की आहे आणि ती बरोबर नाही. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नव्हे. त्याची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. मे महिन्यात तेच पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापते, आणि दर अंशामागे सुमारे ०.३५ टक्के घट धरली तर भर दुपारी उत्पादन १४ टक्क्यांनी खाली येते. म्हणून पॅनेल छताला लागून बसवू नयेत. खालून वारा खेळेल एवढी जागा सोडून ते दक्षिणेकडे १५ ते १८ अंश कलते ठेवावेत. धुळीचाही विचार करावा लागतो, कारण नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात पॅनेल बोअरच्या पाण्याने धुतले जातात आणि त्यातील क्षारांचे पांढरे डाग काचेवर बसतात. सकाळी लवकर, थोड्या गोड्या पाण्याने धुऊन काच लगेच पुसून घेणे उत्तम.

माझी सर्वांत मोठी आशा मात्र घरांपेक्षा चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांच्या शेडवर आहे. घराला विजेची खरी गरज संध्याकाळनंतर लागते आणि तेथे नेट मीटरचा, म्हणजे दिवसा वीजवाहिनीत दिलेली जादा वीज बिलातून वजा करून देणाऱ्या मीटरचा, आधार घ्यावा लागतो. माग दिवसाही चालत असल्याने दुपारची वीज तिथल्या तिथे वापरली जाते. अडचण अशी, की अनेक जुन्या शेडचे सिमेंटचे पत्रे पॅनेलचा भार पेलू शकत नाहीत, त्यामुळे स्वतंत्र लोखंडी सांगाडा उभारावा लागतो, आणि वर सांगितलेले अनुदान तर केवळ घरांसाठी आहे. लहान यंत्रमागधारकांना या सांगाड्यासाठी शासनाने वेगळे अर्थसाहाय्य द्यावे, असे माझे ठाम मत आहे.