वर्डप्रेसवर वेळ लावून ठेवलेले लेख वेळेवर प्रसिद्ध होत नाहीत. होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्याची भाड्याची जागा) बदलावे का?

आपण लिहिले आहे की वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीत सकाळी सातची वेळ लावलेला लेख दुपारपर्यंत येत नाही, यादीत त्याच्यापुढे 'मिस्ड शेड्युल' (वेळ चुकली) असे दिसते, आणि आपले सहकारी म्हणतात की वेळ लावताना आपलीच चूक झाली असेल. हा शेवटचा भाग वाचूनच मी उत्तर लिहायला बसलो, कारण तेच वाक्य मी माझ्या घरात ऐकले आहे.

मी कोल्हापुरात इतिहासाचा शिक्षक होतो. निवृत्तीनंतर मंदिरांविषयी लिहिण्यासाठी एक छोटे संकेतस्थळ सुरू केले आणि पुण्यात संगणकक्षेत्रात असलेल्या पुतण्याने ते उभे करून दिले. परंपरेने 9, 10 आणि 11 नोव्हेंबरला अंबाबाईचा किरणोत्सव असतो. मावळतीची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यात येतात आणि पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात; अर्थात ढग, धूळ आणि वाटेतल्या इमारती आड आल्या नाहीत तर. सारे काही पावणेसहाच्या सुमारास मोजक्या मिनिटांत आटोपते. त्यामुळे तिन्ही दिवसांचे तीन लेख मी सायंकाळी पाचला लावून ठेवले आणि निश्चिंत मनाने देवळात गेलो.

पहिला लेख रात्री साडेदहाला आला. संकेतस्थळाचे घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, होते आणि तिथले सायंकाळचे पाच म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. मी 'सेटिंग्ज'मधील 'जनरल' या पानावर 'कोलकाता' निवडले आणि उरलेले दोन्ही लेख उघडून त्यांची वेळ नव्याने जतन केली, कारण आधी लावलेल्या लेखांची प्रत्यक्ष वेळ केवळ सेटिंग बदलल्याने बदलत नाही. तरीही दुसऱ्या दिवशी पाचला लेख आला नाही. रात्री नऊला घरी येऊन व्यवस्थापनाची यादी उघडली तेव्हा 'मिस्ड शेड्युल' दिसले, आणि तेच पान पुन्हा उघडेपर्यंत लेख प्रसिद्ध झालेला होता. पुतण्याला फोन केला, तर तो म्हणाला, "काका, तुम्ही पाहिल्यावर लेख आला ना? म्हणजे आधी तुम्ही बटणच दाबले नव्हते." चौतीस वर्षे वेळापत्रक लावलेल्या माणसाला हे ऐकवले गेले. तिसऱ्या दिवशी मी पाच वाजेपर्यंत घरी बसून हाताने लेख प्रसिद्ध केला आणि मंडपात पोहोचलो तेव्हा पुढच्यांच्या पाठी तेवढ्या दिसल्या.

वास्तविक, मी पाहिल्यावर लेख आला हाच माझ्या निर्दोषत्वाचा पुरावा होता. वर्डप्रेसचे वेळापत्रक स्वतःहून चालत नाही. शाळेत घंटेसाठी शिपाई नेमावा आणि कोणी फाटकातून आत आले तरच त्याने घड्याळाकडे पाहावे, तसा हा प्रकार आहे. पाच ते नऊ माझ्याकडे कोणी वाचक फिरकला नसेल. फिरकला असला तरी पुतण्याने संकेतस्थळ वेगवान व्हावे म्हणून बसवलेल्या कॅशे प्लगिनने, म्हणजे पानांच्या प्रती साठवणाऱ्या जोड-सुविधेने, त्याला पानाची आधीच तयार असलेली प्रत दिली, वर्डप्रेस जागे झालेच नाही. व्यवस्थापनाच्या पानाची प्रत साठवली जात नाही, म्हणून मी आत शिरताच घंटा वाजली.

उपाय एकच खात्रीचा आहे. होस्टिंगच्या सीपॅनेल या नियंत्रण-पानावर 'क्रॉन जॉब्स', म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामे, असतात. तेथे दर पाच मिनिटांनी 'डब्ल्यूपी-क्रॉन डॉट पीएचपी' ही वेळापत्रक तपासणारी फाइल उघडण्याची आज्ञा द्यावी आणि ती चालते आहे अशी खात्री झाल्यावरच 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' या सेटिंग्जच्या फाइलमध्ये वाचकाच्या भेटीवर चालणारी तपासणी बंद करणारी 'डिसेबल डब्ल्यूपी क्रॉन' ही ओळ घालावी. क्रम उलटा झाला तर एकही लेख वेळेवर येणार नाही. चुकलेले लेख शोधून प्रसिद्ध करणारी प्लगिन मिळतात, पण त्यांतील बहुतेक वाचकाच्याच भेटीवर अवलंबून असतात, तेव्हा दुखण्यावर दुखणेच बांधल्यासारखे होते.

पुढच्या किरणोत्सवात, 31 जानेवारीला, लेख पाच वाजून दोन मिनिटांनी आला. मी त्याचे चित्र पुतण्याला पाठवले. त्याने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. तो आजकालच्या अर्थाचा की आपल्याकडच्या जुन्या, हे मी विचारले नाही.

होस्टिंगविषयी सांगायचे राहिले. क्रॉन जॉब लावूनही लेख अडकत असतील तरच ते बदलण्याचा विचार करावा. त्याआधी वर्डप्रेसच्या 'साइट हेल्थ' या तपासणी-पानावर 'लूपबॅक'ची, म्हणजे संकेतस्थळ स्वतःलाच हाक मारू शकत नसल्याची, तक्रार दिसते का ते पाहावे, कारण संकेतस्थळावर पासवर्डचे कुलूप असले तरी लेख असेच अडकतात. आणि पहिल्या दिवशीच्या यूटीसीचा दोष मी सर्वस्वी पुतण्यावर टाकू शकत नाही, कारण तो ते पान भरत होता तेव्हा मी शेजारीच बसून वेळेचा रकाना "राहू दे तसाच" असे म्हणालो होतो.