वाचकांचे प्रश्न : जंगलाचा कस कुठे असतो?

प्रश्न : कणकुंबी-जांबोटीकडचे जंगल एवढे दाट असूनही ते तोडलेल्या जागी पीक लवकर का खालावते? — एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : सदाहरित जंगलाची श्रीमंती मातीपेक्षा झाडांत अधिक असते. पावसाळ्यात पालापाचोळ्याचा ओला थर उचलून पाहा. बारीक मुळांना बिलगलेले बुरशीचे पांढरे धागे दिसतील, आणि हेच धागे कुजणाऱ्या पानांतले अन्नद्रव्य वाहून जाण्याआधी झाडांना परत पोहोचवतात. झाडे गेली की हे चक्र तुटते व मुसळधार पाऊस मातीचा उरलासुरला कस धुऊन नेतो. मलप्रभा नदी कणकुंबीलाच उगम पावते, त्यामुळे हे नुकसान एका शेतापुरते राहत नाही. याच भागातील भीमगडच्या जंगलाला २०११ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, तो योग्यच होता. तिथल्या बारापेडे गुहांत ‘रॉटनचे वटवाघूळ’ या दुर्मीळ जातीची वस्ती आहे. कृपया तेथे बॅटरी घेऊन शिरू नये.