गल्लीतली वही

प्रश्न : आक्का, नमस्कार. आम्ही जळगावला पिंप्राळ्याकडच्या नव्या प्लॉट भागात राहतो. कोणी यावलचं, कोणी पारोळ्याचं, शेजाऱ्याचं आडनावसुद्धा पाटीवर वाचून कळतं. गेल्या मे महिन्यात दोन घरं सोडून एकटे राहणारे बाबा उन्हाने घरात पडले. संध्याकाळपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. नशिबाने वाचले. मग आम्ही मदत पथक काढलं. पहिल्या बैठकीला 22 जण होते, तिसऱ्या बैठकीला चौघं. ग्रुपवर मात्र रोज ‘सुप्रभात’. लोकांना कोणाचं काही पडलेलंच नाही का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : पडलेलं असतं हो भाऊ, नाहीतर 22 जण आले असते का? पण त्यांना तुम्ही काम काय दिलं, ते पत्रात कुठेच सापडलं नाही मला.

मी धुळ्यात देवपुरात राहते. नोकरीभर आरोग्यसेविका म्हणून खेडी तुडवली, आणि निवृत्त झाल्यावर आमच्या गल्लीतही हाच घाट घातला. आधी अध्यक्ष, मग सचिव, मग बॅनर. बॅनरवर एका आप्पांचा फोटो इतरांपेक्षा बारीक आला आणि पथक तिथेच संपलं. बॅनर पावसाळाभर सरपणावर झाकायला उपयोगी पडलं.

दुसऱ्या वर्षी बैठकच घेतली नाही. किराणा दुकानाच्या फळीला सुतळीने एक दोनशे पानी वही बांधली. एकटे राहणारे किंवा दिवसभर एकटे असणारे म्हातारे नऊ घरांत निघाले. त्या घरांसमोर वार आणि नावं लिहिली. एका बाईला आठवड्यातून एक दिवस, दोन घरं. तीही शेजारचीच, म्हणजे जाणारीलाच ऊन लागायला नको. आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, पहिल्या पावसापर्यंत, बस. सकाळी अकराच्या आत एकदा आणि चारला एकदा डोकवायचं. माठ भरलाय का, पाणी प्यायलेत का, बोलणं नीट आहे का, एवढं बघून वहीत खूण करायची.

माणूस नुसता गळून गेला असेल, पण शुद्धीवर असेल, तर सावलीत बसवून लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्या. चमचा चहाचा. मात्र अंग तापलेलं आणि माणूस असंबद्ध बोलतोय, असं दिसलं तर तोंडात काही ओतू नका. आधी 108 ला फोन करा, मग अंगावर पाणी मारत वारा घाला. पंचेचाळीस अंशांत नुसता पंखा गरम हवाच फेकतो, हे तुमच्या जळगावकरांना मी काय सांगू!

पहिल्याच आठवड्यात एका आजींनी दार उघडायच्या आधी आतून आवाज दिला, “जित्ती शे मी आजून!” रागच आला होता त्यांना, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. रोज कोणीतरी येऊन आपण जिवंत आहोत का ते बघून जातं, हे कोणाला आवडेल? मग मी त्यांनाच वहीची राखणदार केली. बारापर्यंत खूण नसली की आजी स्वतः फोन लावतात, “काय वं माय, विसरली का?” आता गल्लीतल्या सुना त्यांना टरकून असतात. ज्याची काळजी घ्यायची त्याच्याकडेच काहीतरी काम द्या, हे मला तेव्हा कळलं, नोकरीत नाही.

आमच्या पांझरा नदीवर शेकडो वर्षं पाणी वाटून घ्यायची फडपद्धत चालत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडलेले, एका फडात एक पीक. पाटकरी पाणी सोडणार, जागल्या पीक राखणार, आणि त्यांना सुगीला धान्य. पाटातला गाळ काढायला सगळे. बहुतेकांची जमीन थोडी थोडी प्रत्येक फडात, म्हणून पाणी कमी पडलं तर तोटाही वाटला जायचा. पाटकऱ्याला कोणी स्वयंसेवक म्हणत नव्हतं आणि कोणी शालही घालत नव्हतं. त्याचं काम त्याला माहीत होतं, आणि तो आला नाही तर कोणाचं वाळेल हे गावाला माहीत होतं. तुमच्या 22 जणांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

आणि ओळखी बैठकीत होत नाहीत. थंडीत यावलवाल्यांकडे भरीत सोपवा. बामणोदची वांगी आणून कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजू द्या, पारोळ्याच्यांनी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या कराव्यात. त्या धुरात डोळे पुसतापुसता कोणाकडे गाडी आहे, कोणाकडे इन्व्हर्टर आहे, कोणाची सून दवाखान्यात कामाला आहे, ते आपोआप कळतं. दुसऱ्या दिवशी वहीत लिहून ठेवा.

प्रश्न : आमच्या गल्लीच्या मंडळाची नोंदणी करावी लागेल का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : एकमेकांच्या दारात डोकवायला नोंदणी लागत नाही. पण पावतीपुस्तक छापून वर्गणी किंवा देणगी गोळा करणार असाल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची पायरी चढावी लागेल. तिथे 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते. नंतर दरवर्षी हिशेब सादर करणं आलं, म्हणून सातांत एकजण तरी हिशेबाची वही न कंटाळता लिहिणारा असू द्या. बॅनरचं मी वर लिहिलंच आहे.